किटली जागेवरच होती

वैजयंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो. फोन तिच्या धाकट्या भावाचा, संभाजीचा. तो फार बोलला नाही. "सर, ताई गेली," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला. कधी नेणार, कुठं नेणार, ते विचारलं. शिरोळला, घरीच, असं तो म्हणाला. मी "येतो" म्हणालो आणि ओट्यापाशी तसाच उभा राहिलो. माझ्या वयाला मरणाच्या बातम्यांची सवय झालेली असते. बायको गेली, बरोबरीचे निम्म्याहून जास्त गेले. पण त्या सकाळी मला जे वाटलं त्याला सरळ दुःख म्हणता येणार नाही. दुःखाच्या आधी मनात आलं ते असं, की आता तिला सांगायचं राहून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ, लिहायला लाज वाटते पण आलं खरं, की आता सांगायची गरजही उरली नाही.

तो दुसरा विचार आल्यापासून मला स्वस्थता नाही. म्हणून हा लेख.

उचगावातल्या बऱ्याच घरांना डॉ. वैजयंती 'लॅबवाल्या मॅडम' म्हणून माहीत होती. किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिची रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब होती. कारखान्यातले कामगार पाळीवर जाताना रक्त देऊन जात आणि सुटताना रिपोर्ट नेत. पण त्याआधी ती माझी विद्यार्थिनी होती, आणि नंतर माझ्याच विभागात संशोधक. तिच्याबद्दल आमच्या लोकांत एक गोष्ट पक्की बसलेली आहे, की पोरगी हुशार होती, पण एकदा हलगर्जीपणा केला, रक्ताचे नमुने नासवले आणि संशोधनातून उठली. हे खोटं आहे. नमुने तिने नासवले नाहीत. मी नासवले. तिला हे माहीत नव्हतं, आणि तिच्या शेवटच्या दिवसापर्यंत मी तिला ते सांगितलं नाही. आता जे लिहितो ते कसं घडलं एवढंच. त्यातून माझी सुटका व्हावी अशी अपेक्षा नाही.

ती शिरोळची. घरी ऊस आणि म्हशी. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. पहाटे डेअरीत पहिलं दूध आपलंच पडलं पाहिजे, असा त्या माणसाचा हट्ट. त्या भागात दूध 'परत येणं' म्हणजे काय, हे तिथं राहिल्याशिवाय कळत नाही. भांड्याला वास राहिला, धारेला उशीर झाला आणि डेअरीतून दूध नासकं म्हणून परत आलं, की त्या घरातली बाई चार दिवस विहिरीवर मान खाली घालून जाते. वैजयंतीने हे मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तेही हसत. मी वर्गात काचेच्या नळ्या धुण्यावर मोठं व्याख्यान दिलं होतं. ती उठून म्हणाली, "सर, आमच्यात हे लगीन ठरवताना बघतात. पोरीनं घासलेल्या किटलीचा वास घेतात." वर्गात हशा फुटला. मी रागावल्यासारखं केलं. त्या वर्षी प्रात्यक्षिकात तिच्याइतकं स्वच्छ काम कुणाचंच नव्हतं.

तिच्या संशोधनाचा विषय तिने स्वतः निवडला होता, आणि तो तिला तिच्या गल्लीत सापडला होता. फ्लूची मोठी साथ आली तेव्हा शेजारच्या घरातले दोन सख्खे भाऊ एकदमच आजारी पडले. एकाच ताटातलं खाणारे, एकाच खोलीत झोपणारे. एक चार दिवस शिंकला आणि उसाला पाणी पाजायला गेला. दुसरा ऑक्सिजनवर गेला तो परत आला नाही. "विषाणू एकच, सर. मग फरक कुठला?" हा तिचा प्रश्न. आम्ही पुस्तकातून दोनच प्रकारचे पहारेकरी शिकवायचो. एक दारातले, कुणीही परका दिसला की अंगावर जाणारे. दुसरे शिकून तयार होणारे, म्हणजे शत्रू ओळखतात, लक्षात ठेवतात, नेमका मारतात, पण तयार व्हायला त्यांना बरेच दिवस लागतात. ह्या दोघांच्या मध्ये बसणाऱ्या काही पेशी असतात. त्यांची जात दुसऱ्यांची, वागणूक पहिल्यांची. फुफ्फुसात, यकृतात, आतड्याच्या अस्तरात त्या आधीपासूनच तयार असतात आणि कोणत्याही शिकवणीशिवाय काही तासांत कामाला लागतात. त्यांतल्या एका गटाला 'मेट' पेशी म्हणतात. विषाणूला त्या थेट ओळखत नाहीत. बाधा झालेल्या पेशींच्या आसपास जी रासायनिक हाकाटी उठते, ती ऐकून त्या पेटतात.

मला हे पटवून द्यायला तिने जे सांगितलं ते मी पुढे माझ्या व्याख्यानांत माझं म्हणून वापरत आलो, तेही इथे कबूल करतो. ती म्हणाली होती, "शिकलेल्या पेशी म्हणजे तालमीतलं पैलवान, सर. मेहनत करून, अंग कमवून, मग आखाड्यात. तवर घर जळालं की! आणि ह्या माझ्या पेशी म्हणजे शेजारच्या बायका. कोण आलंय, चोर का पावणा, काय बघायच्या न्हाईत. शेजारनं आरडाओरडा झाला की हातात घावंल ते मुसळ घेऊन धावायच्या." मी विचारलं, "आणि त्या घरातलीच भांडी फोडली तर?" ती म्हणाली, "फोडतात की! तेच तर बघायचंय. वेळेत आल्या, नीट आल्या, तर माणूस वाचतो. उशिरा आल्या, न्हाईतर आल्या आणि थांबल्याच न्हाईत, तर त्याच घराचा इस्कोट करतात."

तिने फ्लूच्या रुग्णांचं रक्त गोळा केलं. साधी सर्दी-ताप झालेले एका बाजूला, दवाखान्यात ऑक्सिजनवर असलेले दुसऱ्या बाजूला. पहिल्या संचात तिला स्वच्छ चित्र दिसलं. साध्या आजाराच्या लोकांच्या रक्तात ह्या पेशी बऱ्यापैकी जागेवर होत्या. गंभीर रुग्णांच्या रक्तातून त्या जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. तिचं म्हणणं, त्या मेलेल्या नाहीत, रक्तातून उठून फुफ्फुसाकडे धावल्या आहेत. रक्तातून त्या किती लवकर कमी होतात हे पाहिलं तर कोण बिघडणार आहे याचा अंदाज आधी बांधता येईल का, हे तिला तपासायचं होतं. मी विभागप्रमुख. मी म्हणालो, एका संचावर काही बोलू नकोस, दुसरा कर. सल्ला बरोबर होता. माझ्या वागण्यातलं तेवढंच बरोबर होतं.

आता किटलीबद्दल. जिवंत पेशी मोजायच्या असतील तर रक्त गार करून चालत नाही. ते खोलीच्या उबेत ठेवायचं आणि त्याच दिवशी काम उरकायचं. गारठलेल्या रक्तातून ह्या पेशी वेगळ्या काढताना गोंधळ होतो, हव्या त्या हाती येत नाहीत आणि नको त्या मिसळतात. हे तिच्या कार्यपद्धतीत स्पष्ट छापलेलं होतं. मी ते वाचलेलं होतं, त्यावर माझी सही होती. पण माझा उभा जन्म रक्तद्रव आणि जंतूंच्या तपासण्यांत गेलेला. तिथं बर्फ म्हणजे शिस्त. 'नमुना आला की फ्रीज' हे मी इतक्या पिढ्यांना शिकवलं होतं की ते माझ्या हातात बसलं होतं. वैजयंतीने घरची एक दुधाची किटली आणली होती, दांडीची, घट्ट झाकणाची. तिच्या आईने जुन्या वाकळेचा, म्हणजे गोधडीचा, तुकडा कापून आतून अस्तर शिवून दिलं होतं. उन्हाळ्यात बाहेरची धग आत जाऊ नये आणि थंडीत आतली ऊब बाहेर येऊ नये म्हणून. त्यात नळ्या उभ्या करून ती एसटीने शिरोळहून, जयसिंगपूरहून रक्त आणायची. मी चिडवायचो, "अगं, हे रक्त आहे की विरजण?" ती म्हणायची, "विरजणच, सर. फ्रीजमध्ये ठेवून दही लावून दाखवा मला एकदा." ह्यावरून आमची रोज जुंपायची. मला तिचं ते भांडणं आवडायचं आणि थोडं टोचायचंही. विद्यार्थिनीसमोर रोज हरायची सवय मला नव्हती.

तो दिवस जोतिबाच्या चैत्र यात्रेचा. कोल्हापुरात सुट्टी, गुलालाने माखलेल्या गाड्या सकाळपासून डोंगराकडे चाललेल्या. साथ ओसरत आली होती, म्हणजे पुन्हा इतके रुग्ण मिळणार नव्हते. शेजारच्या संस्थेतलं पेशी मोजायचं यंत्र सुट्टीमुळे त्या दिवशी संध्याकाळी मोकळं मिळालं होतं. तिने पहाटेपासून फिरून दुसरा संच एका दमात गोळा केला आणि किटली आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. तेवढ्यात तिला फोन आला. आप्पा दुधाच्या गाडीवरून पडले होते, त्यांना कोल्हापूरला आणलं होतं. ती पदर खोचून दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "सर, किटली अशीच असू दे. मी बघून आलेच." विभागात आम्ही दोघंच होतो. ती गेली. मग लाईट गेली. पंखा थांबला. चैत्राची दुपार, पत्र्याचं छप्पर. मी किटलीकडे बघत बसलो. मला खरंच काळजी वाटली. पोरगी बापासाठी धावली आहे आणि इथं तिचं रक्त उकडून खराब होईल, असं वाटलं. फ्रीज जनरेटरवर होता. तिचं सांगणं मी ऐकलं होतं, छापलेलं वाचलं होतं, आणि तरी माझा हात उठला. नळ्या काढल्या, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि मला बरं वाटलं. आपण काहीतरी सांभाळलं, असं वाटलं...

इथपर्यंत ती चूक होती. चुका होतात. पुढचं चुकून झालं नव्हतं. दुपार कलल्यावर तिचा फोन आला. "आप्पाचा पाय मोडलाय, बाकी ठीक हाय. निघाले मी." तेव्हा मला एकदम जाणवलं की नळ्या फ्रीजमध्ये दिसल्या की ती माझ्यावर फुटणार. त्या उन्हात, बाप दवाखान्यात, अशात ती काय काय बोलेल आणि मला ऐकून घ्यावं लागेल. फक्त तेवढ्यासाठी, एका भांडणाला टाळण्यासाठी, मी नळ्या काढून पुसल्या, उकाड्यात त्यांचा गारवा जाऊ दिला, वाकळेच्या अस्तरात जशाच्या तशा उभ्या केल्या आणि झाकण लावलं. मनाशी म्हणालो, एवढ्याशाने काय होतंय. ती आली, किटली उचलली आणि तशीच यंत्राकडे धावली. मी तिच्यासाठी चहा मागवला होता. तो तिने उभ्यानेच घेतला आणि म्हणाली, "सर, तुम्ही होतासा म्हणून बरं झालं."

दुसऱ्या संचात काहीच धड दिसलं नाही. साध्या सर्दीवाल्यांच्या पेशीही सापडेनात. सगळं चित्र फिसकटलं. आमच्या संस्थेत बैठक झाली. बाहेरून आलेले तज्ज्ञ सौम्यपणे म्हणाले की नमुने हाताळण्यात दोष दिसतो, आणि एका संचात दोष असेल तर पहिल्यावर तरी कसा विश्वास ठेवायचा? वैजयंती उभी राहिली. तिचं बोलणं स्वच्छ होतं. "किटली माझ्याशिवाय कुणी उघडली न्हाई. मी दवाखान्यात गेलते तेवढा वेळ सर तिथं होते. सरांना विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "किटली जागेवरच होती."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतकी वर्षं मला पचवता आलं. किटली खरंच जागेवर होती. वैजयंती खाली बसली. तिने माझ्याकडे कृतज्ञतेने पाहिलं, कारण तिला वाटलं मी तिची बाजू घेतली. आणि मग सभेने जे ठरवायचं ते ठरवलं. कुणी हलवलं नाही, कुणी उघडलं नाही, म्हणजे दोष आणणारीचाच.

आठवड्याभरात मी सांगू शकलो असतो. सत्र संपेपर्यंत सांगू शकलो असतो. तिने राजीनामा दिला त्या दिवशी तर ती माझ्या पाया पडली, तेव्हा ती वाकलेली असताना माझ्या ओठांवर आलं होतं. रोज वाटायचं की उद्या. पण प्रत्येक उद्याबरोबर सांगायची गोष्ट मोठी होत गेली. आधी सांगायचं होतं, 'मी फ्रीजमध्ये ठेवलं.' मग सांगायचं झालं, 'मी ठेवलं आणि लपवलं.' मग, 'लपवलं आणि तुला बुडताना पाहिलं.' एकदा बायकोला सांगितलं. दर दिवाळीला वैजयंती फराळ घेऊन यायची. ती जिना उतरली की बायको मला विचारायची, "सांगितलंत?" स्वतः वारली त्या वर्षापर्यंत बायको विचारत होती.

घरी आप्पांनी मरेपर्यंत तिला सोडलं नाही. त्यांना पेशी कळत नव्हत्या, नासणं कळत होतं. ज्या घराचं दूध कधी परत आलं नाही, त्या घरच्या पोरीचं रक्त परत आलं. चारचौघांत म्हणायचे, "आमची वैजू न्हवं, रक्त नासवणारी." गाव हसायचं. तीही हसायची म्हणे. लग्न तिने केलं नाही. उचगावात लॅब टाकली आणि तिथं एकेक रिपोर्ट पुन्हा पुन्हा तपासायची. एकदा मी तिथं बसलो होतो. एका कामगाराच्या साध्या साखरेच्या तपासणीसाठी तिने तीच नळी परत यंत्राला लावली, मग आणखी एकदा. मी म्हणालो, "अगं, पहिलंच बरोबर असेल." ती म्हणाली, "मला माझ्या हाताचा भरवसा न्हाई, सर." साध्या आवाजात म्हणाली, पाऊस पडतोय म्हणावं तसं. माझ्या वर्गातले सगळ्यात स्वच्छ हात होते ते...

काही वर्षांनी बाहेरच्या देशांतून, वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून तेच येऊ लागलं. फ्लूच्या गंभीर रुग्णांच्या रक्तात ह्या पेशी कमी होतात, ज्यांच्यात टिकून राहतात ते बरे होताना दिसतात. कोरोनातही तसंच, रक्तातून कमी झालेल्या आणि फुफ्फुसात पेटलेल्या. मी वाचत होतो. तीही वाचत असणार. एकदा मला म्हणाली, "बघितलं काय, सर? आमच्या बायका मुसळं घेऊन परदेशात पोचल्या." कोरोनात मी अंथरुणाला खिळलो तेव्हा माझ्या घरात यायला कुणी तयार नव्हतं. वैजयंती आली. नखशिखान्त गुंडाळून घेतलेली, नुसते डोळे दिसणारे. माझ्या दंडाला पट्टी बांधताना म्हणाली, "काय सर, तुमचं रक्त फ्रीजमध्ये ठेवू का वाकळंत?" आमची जुनी थट्टा. मी भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं ताप चढलाय.

गेल्या थंडीत तिला खोकला झाला. तो तिने लॅब चालू ठेवून अंगावर काढला. मग ताप, मग धाप. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, हे मी जाणीवपूर्वक लिहितो. फुफ्फुसं विषाणूमुळे भरत गेली. तिचं संशोधन तेव्हा पुढे गेलं असतं तर ती वाचली असती, असंही मी म्हणणार नाही. ह्या पेशींवर अजून कुणाकडेच औषध नाही. मी भेटायला गेलो त्या दुपारी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. एकेक वाक्य तोडून तोडून बोलत होती. डोळे मात्र तेच, भांडायला तयार. म्हणाली, "माझ्या त्या पेशी... आता कुठं असतील, सर? रक्तात... का फुफ्फुसात?" मी म्हणालो, "फुफ्फुसात." ती म्हणाली, "म्हंजे पोचल्या. आता थांबल्या... तर बरं. न्हाईतर भांडी फोडतील." आणि हसायला गेली ती खोकल्यात अडकली. खोकला थांबल्यावर तिने माझा हात धरला आणि विचारलं, "त्या वेळी... काय चुकलं हो सर माझं? मी लई विचार केला. एसटीत धक्का बसला का... का नळ्या नीट... मला सापडतच न्हाई."

मी तोंड उघडलं. नर्स दारात येऊन म्हणाली, "आजोबा, वेळ झाली." मी एक मिनिट मागितलं असतं तर तिने दिलं असतं. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की ती देईल. मी वैजयंतीला म्हणालो, "बरी हो आधी. मग बोलू." आणि उठलो. दारातून वळून पाहिलं तर ती छताकडे बघत होती आणि बोटांनी काहीतरी मोजत होती... बहुधा नळ्या. दुसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटर लावला. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही.

आमच्या संस्थेत शोकसभा झाली. एक माजी विद्यार्थी, आता मोठा झालेला, चांगल्या मनाने बोलला. "एवढी एक छोटी चूक झाली नसती तर मॅडम कुठल्या कुठे असत्या," असं म्हणाला. पहिल्या रांगेत मी बसलो होतो. ती गेली होती, घाबरायला आता काही उरलं नव्हतं, आणि तरी मी उठलो नाही. हे मला त्या दुपारच्या फ्रीजपेक्षाही भयंकर वाटतं. घरी आल्यावर दोन दिवसांनी मी संस्थेत परत गेलो. म्हटलं, त्या बैठकीच्या नोंदीत दुरुस्ती करून घ्या, मी लिहून देतो. कार्यालयातला माणूस अदबीने उठून उभा राहिला. "सर, ती कागदं कवाच रद्दीत गेली. आता कशात दुरुस्ती करायची?" मी तिथंच खुर्चीत बसलो. जे मी इतकी वर्षं भीत होतो ते कागद जगात नव्हतेच. तिच्यावरचा डाग फक्त माणसांच्या तोंडी होता, आणि तोंडी असलेलं कुठल्या कार्यालयात खोडायचं? म्हणून वर्तमानपत्र. पण छापण्याआधी एका घरी सांगणं भाग होतं.

किटली माझ्याकडे होती. राजीनामा देताना तिने ती विभागात सोडली होती आणि निवृत्त होताना मी घरी आणून माळ्यावर टाकली होती. ती पुसली, पिशवीत घातली आणि शिरोळला गेलो. तिची आई सोप्यात बसली होती. आता फार थकली आहे, पण कान शाबूत आहेत. संभाजी धारा काढून हात पुसत आला. मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय त्याहून कमी शब्दांत. सांगून झाल्यावर आई म्हणाली, "म्हंजे माझ्या पोरीनं नासवलं न्हवतं?"

"नाही. मी नासवलं."

"तिला ठावं हुतं?"

"नाही."

मग म्हातारीने जे विचारलं त्याची तयारी करून मी गेलो नव्हतो. "ह्यांच्या बाराव्याला तुम्ही आलतासा. हितंच पंगतीत बसलतासा. वैजूनं तुमास्नी आग्रेव करून वाढलं. तवा बी ठावं हुतं तुमास्नी?"

"हो."

"आणि जेवलासा?"

मी मान हलवली. ह्याहून जास्त माझ्याबद्दल कुणी काही म्हणू शकेल असं मला वाटत नाही. संभाजी उंबऱ्यात उभा होता, तो आत बघून म्हणाला, "सरास्नी च्या टाका. आणि सर, च्या घ्या आणि निघा." मी किटली पुढे केली. म्हटलं, ही तुमची. आईने झाकण काढलं, आत हात घातला आणि वाकळेचं अस्तर बोटांनी चाचपलं. मग टाके एका बाजूने उसवत ते सावकाश बाहेर ओढून काढलं. उजेडात धरलं. त्यात तिच्या जुन्या इरकली लुगड्याचा एक निळा तुकडा होता, आणि वैजयंतीच्या शाळेच्या गणवेशाचा एक. ते तिने घडी घालून मांडीवर ठेवलं आणि नुसती किटली माझ्याकडे सरकवली. "ही न्हेवा तुम्ही. आमच्यात नासकं भांडं ठेवत न्हाईत."

चहा आला. मी तो घेतला. न घेणं मला शोभलं नसतं, आणि घेणंही शोभत नव्हतं.

किटली आता माळ्यावर नाही, ओट्यावर आहे. तिथं ठेवली म्हणजे रोज दिसते. सकाळी दूध तापवायला जातो तेव्हा अंधुक उजेडात हात आधी तिलाच लागतो. आत अस्तर नाही, नुसता पत्रा. उन्हाळा सुरू झालाय, स्वयंपाकघर सकाळपासूनच तापतं... तरी ती गार लागते.